सात टप्प्यांचे मतदान

वसंत ऋतूतील व्याख्यानमालेत निवडणुकीचा विषय घ्यावा, याला एक साधे कारण आहे. २००४ सालापासून आपल्या लोकसभेच्या पाच निवडणुका झाल्या, आणि त्या पाचही वसंतात सुरू झाल्या व उन्हाळ्याच्या भरात संपल्या. पक्षांची बलाबले, विजयाची कारणे, पराभवाची मीमांसा यांविषयी पुष्कळ बोलले जाते, आणि ते बोलणारेही पुष्कळ आहेत. आम्हांला येथे एका निराळ्याच, वरवर रुक्ष वाटणाऱ्या प्रश्नाचा उलगडा करावयाचा आहे. एकाच राज्यातील मतदान एका दिवसात का होत नाही? त्यासाठी सहा सहा आठवडे का लागतात? आणि या लांबणीची किंमत कोण देतो?

उदाहरण म्हणून उत्तर प्रदेश घेऊ. लोकसभेच्या ५४३ जागांपैकी ८० जागा या एका राज्यात आहेत. मतदार पंधरा कोटींवर, आणि मतदान केंद्रे दीड लाखाहून अधिक. २०२४ साली या राज्याचे मतदान सात टप्प्यांत झाले : १९ एप्रिल, २६ एप्रिल, ७ मे, १३ मे, २० मे, २५ मे आणि १ जून. पहिल्या टप्प्यात ८ जागा, मग अनुक्रमे ८, १०, १३, १४, १४ आणि शेवटी १३. मतदानाची ही वाट पश्चिमेकडून पूर्वेकडे गेली. आरंभ सहारनपूर, कैराना, मुजफ्फरनगर या उसाच्या मुलखातून, आणि शेवट गोरखपूर, बलिया, वाराणसी, मिर्झापूर या पूर्वेकडील भागात. मतमोजणी मात्र सगळ्यांची एकाच दिवशी, ४ जूनला.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहा. त्याच निवडणुकीत तामिळनाडूच्या ३९ जागांचे मतदान एका दिवसात उरकले. आपल्या महाराष्ट्राच्या ४८ जागांना मात्र पाच टप्पे लागले. म्हणजे केवळ राज्याचे आकारमान हे याचे कारण नव्हे. मग कारण कोणते?

पुष्कळांची अशी समजूत असते की, मतदानयंत्रे कमी पडतात, म्हणून एका टप्प्यात वापरलेली यंत्रे पुढच्या टप्प्यात पाठवितात. ही समजूत चुकीची आहे. एकदा मत नोंदले गेले की ते यंत्र मोहोरबंद होऊन सुरक्षित कक्षात जाते आणि मोजणीच्या दिवसापर्यंत तेथून हलत नाही. सहारनपूरची यंत्रे १९ एप्रिलला बंद झाली ती ४ जूनला उघडली, म्हणजे तब्बल ४६ दिवसांनी. टप्पे पाडल्याने यंत्रांची बचत होत नाही. कर्मचाऱ्यांचीही विशेष होत नाही, कारण मतदानाचे काम बहुतांशी त्या त्या जिल्ह्यातील शिक्षक, कारकून आणि इतर सरकारी नोकर करतात.

टप्प्याटप्प्याने खरोखर फिरतो तो शिपाई. केंद्रीय राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल अशा केंद्रीय दलांच्या तुकड्या एका भागातील मतदान झाले की आगगाडीने व मोटारींनी पुढच्या भागात जातात. येथे एक साधे त्रैराशिक मांडू. दीड लाख केंद्रांवर प्रत्येकी केवळ चार जवान उभे करावयाचे म्हटले, तरी सहा लाख माणसे लागतील, आणि तीही एकाच राज्याला. देशभरची सगळी केंद्रीय निमलष्करी दले मिळून सुमारे दहा लाख भरतात, आणि त्यांतील मोठा भाग सरहद्दीवर व इतर पहाऱ्यांवर गुंतलेला असतो. बेरीज जमत नाही. तेव्हा माणसे तीच ठेवावयाची आणि दिवस वाढवावयाचे, एवढाच मार्ग उरतो.

परंतु बाहेरचाच शिपाई का हवा? राज्याचे स्वतःचे पोलीस असतातच की! या प्रश्नापाशी विषयाचे खरे मर्म आहे. टप्पे हे आपल्या परस्पर अविश्वासाचे माप आहे.

पहिल्या निवडणुकीत तसे नव्हते. ती तर याहूनही लांबली होती : २५ ऑक्टोबर १९५१ पासून २१ फेब्रुवारी १९५२ पर्यंत, जवळजवळ चार महिने. परंतु तिच्या लांबणीची कारणे निसर्गाची आणि व्यवस्थेची होती. हिमाचलातील चिनी व पांगी या डोंगरी भागांतले मतदान सर्वांआधी घ्यावे लागले, कारण पुढे बर्फाने घाट बंद झाले असते. सतरा कोटींहून अधिक मतदार, त्यांतील बहुसंख्य निरक्षर, प्रत्येक उमेदवाराची निराळी मतपेटी, आणि हे सारे करण्याचा पूर्वानुभव कोणालाच नाही! पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी हा डोंगर उचलला. अनुभव वाढला तसे दिवस कमी झाले. १९६२ साली सारे मतदान फेब्रुवारीतील एका आठवड्यात झाले, आणि १९८० च्या जानेवारीत तर मुख्यतः दोनच दिवसांत.

मग उलटा प्रवास सुरू झाला. मतदान केंद्र बळाने ताब्यात घ्यावयाचे, मतपत्रिकांवर धडाधड शिक्के मारावयाचे आणि दुर्बळ वस्तीतील मतदाराला घरातून बाहेरच पडू द्यावयाचे नाही, हा प्रकार काही प्रांतांत इतका बोकाळला की, १९८९ साली केंद्र बळकावण्याला कायद्यात स्वतंत्र गुन्हा म्हणून स्थान द्यावे लागले. अशा वेळी गावचा पोलीस गावच्या बलिष्ठाला रोखील, असा भरवसा मतदाराला वाटेना. १९९० ते १९९६ या काळात मुख्य निवडणूक आयुक्त असलेल्या शेषन यांनी आयोगाच्या अधिकाराला धार आणली, आणि बाहेरून आणलेल्या दलांच्या देखरेखीखाली मतदान हा नेम बसत गेला. ज्याचे गावात नाते नाही, ज्याला जात ठाऊक नाही, असा शिपाई दारात उभा राहिला म्हणून कित्येक गरीब स्त्रीपुरुषांनी निर्भयपणे मत दिले. टप्प्यांचे हे श्रेय नाकारता येणार नाही.

मात्र औषधाची मात्रा कशी वाढत गेली तेही पाहा. उत्तर प्रदेशात २००९ साली पाच टप्पे होते, २०१४ साली सहा झाले, आणि २०१९ व २०२४ साली सात. महाराष्ट्रात २०१४ साली तीन, २०१९ साली चार, २०२४ साली पाच.

आता या लांबणीने काय काय होते ते क्रमाने पाहू. आपल्या कायद्यात प्रत्येक मतदारसंघाचे वेळापत्रक ठरलेले आहे. अधिसूचना निघाली की अर्ज भरण्यास सात दिवस, दुसऱ्या दिवशी छाननी, त्यानंतर दोन दिवसांत माघार, आणि पुढे निदान चौदा दिवस प्रचारासाठी. टप्पे पडले म्हणजे हे चक्र प्रत्येक टप्प्यासाठी नव्याने फिरते. शेवटच्या टप्प्याची अधिसूचना ७ मे रोजी निघाली. त्याच दिवशी आग्रा, बरेली, मैनपुरी येथे तिसऱ्या टप्प्याचे मतदान चालू होते. म्हणजे सहारनपूरचा मतदार मत देऊन आपल्या शेतावर परतला, तेव्हा गोरखपुरात अर्ज भरण्यासही आरंभ झाला नव्हता. एकाच निवडणुकीतील दोन मतदार सहा आठवड्यांच्या अंतराने, निराळ्या बातम्या ऐकून, निराळ्या मनःस्थितीत मत देतात.

या अंतराचा परिणाम होऊ नये म्हणून कायद्याने काही बांध घातले आहेत. पहिल्या मतापासून शेवटचे मत पडून अर्धा तास होईपर्यंत मतदानोत्तर चाचण्यांचे अंदाज प्रसिद्ध करता येत नाहीत. सगळी मोजणी एका दिवशी होते तीही याचसाठी. मतदानापूर्वीचे अठ्ठेचाळीस तास प्रचारबंदी असते. पण शेजारच्या जिल्ह्यात भाषणे चालू आहेत आणि ती घरोघरच्या पडद्यांवर व हातातल्या फोनवर दिसत आहेत, तेथे ही शांतता नावाचीच उरते. मतदाराला दोन दिवस स्वस्थ विचार करू द्यावा, हा नियमामागचा सद्‌हेतू टप्प्यांनी जवळजवळ निकामी केला आहे.

एक उदाहरण तर मनाला चटका लावणारे आहे. मुरादाबाद येथे १९ एप्रिलला मतदान झाले, आणि दुसऱ्याच दिवशी तेथील भारतीय जनता पक्षाचे उमेदवार कुंवर सर्वेश कुमार सिंह यांचे निधन झाले. मते पडून चुकली होती, यंत्रे बंद झाली होती. ते निवडून आले असते, तर पुन्हा पोटनिवडणूक घ्यावी लागली असती. ते निवडून आले नाहीत. तथापि दिवंगत मनुष्य जिंकला की हरला, हे कळण्यास त्या मतदारसंघाला दीड महिना थांबावे लागले.

आचारसंहितेचेही तसेच. ती १६ मार्चला लागू झाली आणि ६ जूनला उठली. या पावणेतीन महिन्यांत नवी कामे, नव्या योजना, नव्या घोषणा थांबतात. एप्रिलमध्ये मत देऊन मोकळ्या झालेल्या भागातील कामेही शेवटच्या टप्प्याची वाट पाहतात.

परंतु या सगळ्यांहून मोठी किंमत निराळीच आहे, आणि ती पैशांत मोजता येत नाही. मतदान पथक आदल्या दिवशी यंत्रे व कागदपत्रे घेऊन निघते. तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या मैदानात तासन् तास रांगेत उभे राहावयाचे, मिळेल त्या वाहनाने गावी पोचावयाचे, शाळेच्या खोलीत रात्र काढावयाची, पहाटे उठून यंत्राची चाचणी घ्यावयाची, आणि दिवसभर बसून रात्री पुन्हा सगळे सामान जमा करावयाचे. हे काम हिवाळ्यातही सोपे नाही. २०२४ च्या मेअखेरीस उत्तर भारतात उष्णतेची लाट होती. शेवटच्या टप्प्याच्या कामावर असलेली तेहतीस माणसे उष्म्याने दगावल्याचे उत्तर प्रदेशच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितले. त्यांत पहाऱ्यावरची माणसे होती, सफाई कामगारही होते. त्यांच्या कुटुंबांना प्रत्येकी पंधरा लाख रुपये देण्याचे जाहीर झाले. ४ जूनला कोणाला किती जागा मिळाल्या, याचे आकडे आजही अनेकांना मुखोद्गत असतील. हा तेहतीसचा आकडा किती जणांच्या ध्यानात आहे?

मग या निवडणुका उन्हाळ्यातच का येतात? यात कोणताही नियम नाही, केवळ योगायोग आहे. आपल्या आरंभीच्या निवडणुका थंडीत वा थंडीच्या सरतीला होत. १९९९ साली लोकसभा सप्टेंबर-ऑक्टोबरात निवडली गेली. ती पुरी मुदत चालती, तर पुढची निवडणूक २००४ च्या पावसाळ्यानंतर आली असती. परंतु ती लोकसभा २००४ च्या फेब्रुवारीत, मुदतीपूर्वीच विसर्जित झाली आणि मतदान एप्रिल-मे महिन्यांत झाले. त्यानंतरच्या प्रत्येक लोकसभेने आपला काळ पुरा केला, म्हणून पाच पाच वर्षांनी तोच उन्हाळा पुन्हा समोर येतो. एका सरकारच्या एका निर्णयाने पुढील सगळ्या निवडणुकांचा ऋतू ठरून गेला, आणि आपण तो दैवगती समजून स्वीकारला.

वास्तविक कायद्याने येथे वाट मोकळी ठेवलेली आहे. लोकसभेची मुदत संपण्यापूर्वी सहा महिन्यांपर्यंत केव्हाही निवडणुकीची अधिसूचना काढता येते. सतराव्या लोकसभेची मुदत १६ जून २०२४ पर्यंत होती. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये मतदान उरकणे कायद्याला धरूनच झाले असते. मोजणीच्या आदल्या दिवशी मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनीही मोकळेपणाने मान्य केले की, मतदान निदान एक महिना आधी संपावयास हवे होते. हा कबुलीजबाब मोलाचा आहे. पण तो पुढच्या वेळापत्रकात उतरला, तरच त्याचा उपयोग.

आणि टप्पे कमी करता येतील का? त्याच २०२४ सालच्या २० नोव्हेंबरला महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांचे मतदान एका दिवसात झाले. बिहारला लोकसभेसाठी सात टप्पे लागले होते. तेथील विधानसभेच्या २४३ जागांचे मतदान २०२५ च्या नोव्हेंबरात, ६ आणि ११ तारखेला, दोनच टप्प्यांत पार पडले. यावर कोणी म्हणेल की, विधानसभेच्या वेळी देशभरची दले एक-दोन राज्यांत गोळा करता येतात, लोकसभेला ती सगळीकडे वाटावी लागतात. हा आक्षेप खरा आहे, आणि लोकसभेचे मतदान उद्या एका दिवसात होईल असे आम्ही म्हणत नाही. परंतु सातांचे चार किंवा तीन होणे अशक्य नाही, एवढे यावरून दिसते.

मात्र त्यासाठी केवळ आयोगाने वेळापत्रक बदलून भागणार नाही. राज्याचा पोलीस निःपक्षपाती आहे, असे त्या राज्यातील सर्वांत दुर्बळ मतदाराला वाटले पाहिजे. तो भरवसा जेथे वाढेल, तेथे बाहेरच्या शिपायाची गरज घटेल आणि दिवसही घटतील. भरवसा निर्माण करणे हे काम निवडणुकीच्या महिन्यातले नाही, ते मधल्या पाच वर्षांतले आहे, आणि ते सरकारांइतकेच आपलेही आहे.

तोपर्यंत निदान एक गोष्ट आपल्या हातची आहे. यापुढे मतदानाच्या तारखा जाहीर होतील, तेव्हा आपला मतदारसंघ कितव्या टप्प्यात आहे एवढेच पाहून कागद बाजूला ठेवू नये. शेवटचा टप्पा कोणत्या महिन्यात आहे तेही पाहावे, आणि त्या दिवशी शाळेच्या पडवीत आपले नाव यादीत शोधणाऱ्या माणसाच्या डोक्यावर छप्पर व जवळ पाणी असेल की नाही, हे विचारावे. आपले मत त्याच्याच हातून पुढे जात असते.