पायपेटी आणि तबकड्या विकायला काढताना

वाडा पाडून तिथे फ्लॅट होतात, बदलीच्या गावी बिऱ्हाड हलते, नाहीतर घरातले वडीलधारे माणूस जाते आणि मग माळ्यावरच्या सामानाचा प्रश्न उभा राहतो. पितळेची भांडी वाटून घेता येतात. पण मामंजींची पायपेटी, म्हणजे पायांनी भाता मारून वाजवायचा ऑर्गन, आणि तबकड्यांनी भरलेली ट्रंक कुणालाच नको असते. "देऊन टाका भंगारवाल्याला," असे कुणीतरी म्हणते आणि तासाभरात कोपरा मोकळा होतो.

आजच्या घरांत जागा हवीच, त्यात गैर काही नाही. पण मैत्रिणींनो, अशा वस्तूंची किंमत वजनावर नसते. ती कुणाची, कधीची, कोणत्या कंपनीची, या माहितीवर असते. आणि ती माहिती बहुधा घरातल्या एकाच म्हाताऱ्या माणसाला ठाऊक असते. म्हणून गिऱ्हाईक शोधण्याआधी दोन-चार दुपारी यादीसाठी काढा.

तबकड्यांची यादी

जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या लाखेपासून बनत. त्या हातातून पडल्या की फुटतात, उन्हाने वाकतात. पुसायला कोरडे मऊ फडके घ्यावे. स्पिरिट मुळीच लावू नये, त्याने लाख विरघळते. एकावर एक न रचता त्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्यात.

वहीत गायकाचे नाव, गाण्याचे बोल, कंपनी आणि चिठ्ठीवरचा क्रमांक लिहावा. एच.एम.व्ही., ओडियन, कोलंबिया, यंग इंडिया अशी नावे सापडतील. चिठ्ठी फाटली असेल तर तबकडी शेवटपर्यंत ऐकावी. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले, त्या काळात कलावंत गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव सांगत. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. रंगभूमीवर 'वन्स मोअर' घेत लांबणारे पद तेवढ्यात बसवावे लागे.

गाजलेल्या सिनेगीतांच्या तबकड्या पुष्कळ घरांत निघतात, त्यांना फारसा भाव येत नाही. एखाद्या विस्मृत गायिकेच्या तबकडीसाठी मात्र संग्राहक धावत येतो. व्यापारी "सगळ्याचे मिळून इतके" म्हणतो, तेव्हा त्याची नजर बहुधा अशाच दोन-चार तबकड्यांवर असते. यादी हाती असली की आपल्यालाही ते कळते.

पायपेटीची पारख

संगीत नाटकांनी ऑर्गन मराठी घरांत आणला. बालगंधर्वांच्या गाण्याला त्याची साथ असे, आणि आजही संगीत नाटकांच्या प्रयोगांत तो ऐकू येतो. म्हणजे वाजती पायपेटी हवी असणारी माणसे आहेत. गायनाचे क्लास, नाट्यसंस्था, भजनी मंडळे यांच्याकडे आधी चौकशी करावी.

बिघाड बहुतेक वेळा भात्यात असतो. त्याचे कापड आणि कातडे जीर्ण होते, उंदीर ते कुरतडतात. आतले पितळी सूर मात्र वर्षानुवर्षे टिकतात. पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराला दाखवल्याशिवाय ती मोडीत काढू नये. नुसते सूर काढून नेऊ देऊ नये, मागे उरते ते फक्त लाकूड.

कायद्याच्या दोन गोष्टीही लक्षात ठेवाव्यात. पांढऱ्या पट्ट्या हस्तिदंती असतील तर सावध राहा, आपल्याकडे हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे. पट्टीवर दोन तुकड्यांचा बारीक सांधा दिसला तर जाणकाराला विचारावे. आणि 100 वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या कायद्याने पुराणवस्तू ठरू शकते. तशी वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही.

विकायचे नसेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या वाद्यांचा संग्रह आहे आणि मुंबईत 1990 साली स्थापन झालेली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संग्राहकांची संस्था आहे. आधी पत्राने विचारावे, कारण प्रत्येक वस्तू कुणीही ठेवून घेऊ शकत नाही.

वस्तू कुणाची?

आमच्या ओळखीच्या एका घरात मुलाने ऑर्गनचा सौदा जवळजवळ ठरवला होता. सुनेने सहज सासूबाईंना विचारले, तेव्हा कळले, की तो ऑर्गन मामंजींचा नव्हताच. सासूबाईंच्या वडिलांनी तो लेकीला दिलेला. लग्नानंतर चार वर्षे त्या वाजवत होत्या, पुढे संसारात झाकण बंद झाले ते झालेच. ऐंशीव्या वर्षी त्यांनीच ठरवले, की गावातल्या गाण्याच्या क्लासला तो अर्ध्या किमतीत द्यायचा, आणि आलेले पैसे स्वतःच्या नावावर ठेवले. घरातल्या कुणी हरकत घेतली नाही.

म्हणून यादी करताना वहीत आणखी एक रकाना आखा: वस्तू कुणी, कुणासाठी घेतली. ज्याची वस्तू त्याला विचारूनच ती विकावी आणि पैसेही त्याच्याच हाती द्यावेत. तबकड्या देण्याआधी आवडत्या गाण्यांची मोबाइलवर नक्कल करून घ्यावी. घेणाऱ्याचे नाव, रक्कम आणि तारीख वहीत नोंदवून त्याची सही घ्यावी, आणि वही घरातच ठेवावी.