परसांतील पहिलें लिंबू

निंबूक, जंबीर, नारंग व मातुलुंग हीं सर्व एकाच कुलांतील भावंडें होत. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातीं असलेलें म्हाळुंग तें ह्यांतीलच. अशा कुलांतील एक तरी झाड आपल्या परसांत असावें, असें कोणास वाटणार नाहीं? मात्र कोणतें लावावें, हें जिभेस न विचारतां विहिरीस विचारावें.

आमचें नेकनूर बीड जिल्ह्यांतील, म्हणजे अवर्षणाच्या टापूंतील गांव. घरांतील मुलें मोसंबीचा आग्रह धरितात. परंतु २०१२-१३ च्या दुष्काळांत शेजारच्या जालना जिल्ह्यांतील मोसंबीच्या कित्येक बागा पाण्यावांचून वाळल्या. अनेक वर्षांची जोपासना एका उन्हाळ्यांत गेली. म्हणून पहिलें झाड कागदी लिंबाचेंच असावें. तें मोसंबीहून काटक असून, त्याचें फळ पोह्यांपासून लोणच्यापर्यंत नित्य उपयोगीं पडतें.

परभणीच्या कृषि विद्यापीठाच्या ‘विक्रम’ व ‘प्रमालिनी’ आणि राहुरीच्या विद्यापीठाची ‘साईसरबती’ ह्या जाती प्रसिद्ध आहेत. कागदी लिंबू बियांपासूनही चांगलें होतें. त्याच्या एकाच बीजांतून पुष्कळदां दोन-तीन रोपें उगवतात, व त्यांतील बहुतेक मातृवृक्षाच्याच गुणांचीं असतात. मोसंबीची गोष्ट निराळी. तिचा डोळा जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधावा लागतो.

जागा दिवसभर उन्हाची असावी. उन्हाळ्यांत दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तापूं द्यावा. मग चांगलें कुजलेलें शेणखत मातींत मिसळून तो भरावा, व मृगाचा पाऊस पडतांच रोप लावावें. पाणी धरून ठेवणारी चिकण काळी माती आणि चुनखड जमीन हीं दोन्ही टाळावीं. चुनखडींत पानें पिवळीं पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

आतां मुख्य मुद्दा. कोरड्या प्रदेशांत झाड तहानेनें मरतें तसें मायेच्या अतिरेकानेंही मरतें. मोठ्या कुटुंबांत येणारा-जाणारा प्रत्येक जण बुंध्यावर तांब्याभर पाणी ओततो. न्हाणीचें साबणाचें पाणीही तिकडेच वळवितात. बुंधा सतत ओला राहिला कीं डिंक्या लागतो, साल फुटून डिंक पाझरतो, आणि झाड खंगतें. यास्तव बुंध्याशीं मातीचा उंचवटा करून त्याबाहेर पाण्याचें आळें करावें, व झाड वाढेल तसें तें रुंदवावें. वरची माती सुकल्यावरच पुन्हा पाणी द्यावें, व वर पाचट अंथरावें.

कोंवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळल्यास हातानें वेंचावी. ती फुलपाखराची असून लहान झाड निष्पर्ण करूं शकते. पानांवर व फळांवर खरखरीत तपकिरी ठिपके दिसल्यास तो खैऱ्या रोग समजून तशा फांद्या छाटून जाळाव्या.

बियांच्या झाडास फळ धरावयास चार-पांच वर्षें लागतात. तोंवर पाणी देण्याचें काम घरांतील एकाच व्यक्तीकडे असावें. इतरांनीं केवळ पहावें. सामायिक गाईस सर्वांनीं चारा घातला तर चालतें, लिंबाच्या झाडास तें मानवत नाहीं.