कार्बनची साक्ष

अनेक विश्वांच्या कल्पनेचा विचार या खेपेस करण्याचे मी कबूल केले होते. परंतु आमच्या पिंपळगाव राजातील एका शिक्षकवाचकांनी मध्यंतरी जो प्रश्न घातला, त्याचा निकाल लावल्याखेरीज पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही, म्हणून तो विषय तूर्त तहकूब ठेवतो. त्यांचे म्हणणे असे, की खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी ‘मी जिवंत आहे, त्याअर्थी देहात कार्बन आहे, त्याअर्थी कार्बनच्या अणुगर्भात अमुक ऊर्जेची पातळी असलीच पाहिजे’ असे अनुमान बांधले व ते खरे ठरले. मग सृष्टीमागे योजक आहे याला आणखी कोणता दाखला हवा?

ही हकीकत मनोहर आहे, आणि म्हणूनच तिचा मूळ कागद पाहिला पाहिजे. ताऱ्याच्या पोटात हेलियमचे दोन अणुगर्भ एकत्र येऊन जे बेरिलियम बनते, ते सेकंदाच्या अब्जांशाचाही जेमतेम कोट्यंश एवढाच काळ टिकते. तेवढ्या अवधीत तिसरा हेलियम येऊन मिळाला तरच कार्बन. भौतिकशास्त्रज्ञ सालपीटर यांनी 1952 साली हा मार्ग दाखविला; पण या गतीने तयार होणारा कार्बन साठण्यापूर्वीच ऑक्सिजनमध्ये रूपांतरित होऊन संपून जाईल, हे हॉईल यांच्या ध्यानी आले. कार्बनच्या अणुगर्भाला सुमारे 7.65 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टवर एक पातळी असेल तरच हा मिलाफ झपाट्याने होईल, असे त्यांनी 1953 साली कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेत जाऊन सांगितले, आणि वॉर्ड व्हेलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांना ती पातळी खरोखरच सापडली.

आता मुद्दा असा, की हॉईल यांच्या 1954 च्या निबंधात जीवसृष्टीचा उल्लेखच नाही. तेथे हिशेब आहे तो विश्वात आढळणाऱ्या मूलद्रव्यांच्या प्रमाणाचा. कार्बन ताऱ्यांच्या वर्णपटांत दिसतो, अशनींत सापडतो, आणि धुऱ्यावर पऱ्हाटी पेटविल्यावर मागे उरणाऱ्या कोळशातही तोच असतो. साक्षीला मनुष्य उभा करण्याची काही गरज नव्हती. भौतिकशास्त्रज्ञ ब्रँडन कार्टर यांनी मानवकेंद्री तत्त्व, म्हणजे आपण येथे आहोत त्याअर्थी विश्व आपल्या अस्तित्वाला अनुकूल असलेच पाहिजे हे सूत्र, मांडले ते क्राको येथे 1973 साली, म्हणजे वीस वर्षांनी. त्यानंतरच या शोधाला हा नवा अर्थ चिकटला, आणि भौतिकशास्त्राच्या नियमांत कुणा महाबुद्धीने हात घातलेला दिसतो, असे खुद्द हॉईल लिहू लागले तेही 1981 च्या सुमारास. हेल्गे क्राघ या इतिहासकाराने 2010 साली हा सारा क्रम कागदोपत्री उलगडून दाखविला. ज्या हॉईल यांच्या हाताखाली आपले जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये घडले, त्यांच्या या कामगिरीचे मोल मूळ स्वरूपातच मला अधिक वाटते. ते अणुगर्भाविषयीचे निखळ भाकीत होते.

ईश्वर आहे की नाही, याचा निवाडा यातून होत नाही आणि श्रद्धाळूंचे काही जातही नाही. परंतु विज्ञान सांगणाराने साक्ष फिरवू नये, एवढा माझा आग्रह आहे. कार्बनची ही पातळी तिळभर सरकती तर कार्बनच नसता, असेही सर्रास लिहिले जाते. लिव्हिओ व सहकारी यांनी 1989 साली गणित करून पाहिले, तेव्हा ती 0.06 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टने वर सरकवूनही कार्बनच्या निर्मितीत मोठा फरक पडला नाही. ऑक्सिजनची पातळी मात्र खऱ्या अर्थाने नाजूक जागी आहे: कार्बन व हेलियम यांच्या मिलाफाचा जो 7.16 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टचा उंबरठा, त्याच्या जरा खाली, 7.12 वर. ती उंबरठ्याच्या वर असती तर काय घडते, हे मांडल्यावाचून अनेक विश्वांकडे वळता येणार नाही. तेव्हा पुढील आठवड्यास ऑक्सिजनच.