वेताळाच्या खांद्यावर बसलेला मित्र

विक्रम आणि वेताळ आपल्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. ती पंचवीस कोडी मुळात कोणाला सांगितली गेली, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. वेताळपंचविशी सुटी छापली गेली आणि ज्याच्या वनवासात ती येते, तो अयोध्येचा राजपुत्र मृगांकदत्त मागे राहिला.

काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात, राजा अनंताची राणी सूर्यवती हिच्या करमणुकीसाठी ‘कथासरित्सागर’ रचला. त्याच्या १८ लंबकांपैकी बारावा या राजपुत्राचा. त्याचे दहा मित्र, दहाही त्याचे मंत्री. पैकी भीमपराक्रमाला रात्री एक अक्राळविक्राळ सिंह दिसतो. तो सुरी घेऊन पाठलाग करतो, नदीपार झालेल्या सिंहाची लांबलचक जीभ कापतो आणि तिचाच पूल करून पलीकडे जातो. सिंहाचा वेताळ होतो. आता झुंज, असे आपल्याला वाटते. पण वेताळ या धिटाईवर खूश होतो आणि उज्जयिनीची शशांकवती ही तुमच्या युवराजाची भावी पत्नी, असे सांगून टाकतो. राक्षसाचे एकदम मध्यस्थात रूपांतर!

वनवासाचे कारण याहून मजेदार. राजपुत्राने गच्चीवरून टाकलेले विड्याचे उष्टे पाणी खालून चाललेल्या विनीतमती मंत्र्याच्या डोक्यावर पडते. मंत्री डूख धरतो. पुढे राजाला पटकी होते, तेव्हा हा मुलाच्या जारणमारणाचा प्रताप, असे मंत्री त्याच्या मनात भरवतो. हद्दपारीसाठी सोमदेवाला कुठल्या सावत्र आईची गरज पडली नाही.

विंध्याच्या रानात एका तपस्व्याच्या नादाने ही मंडळी नागाची तलवार मिळवायला जातात. बेत फसतो, पारावताक्ष नाग शाप देतो आणि अकरा जण दहा दिशांना पांगतात. यानंतरची कथा एकेका मित्राच्या परतण्याची आहे. विक्रमकेसरी येतो तो चक्क वेताळावर स्वार होऊन, आकाशातून. सर्पदंश झालेल्या ब्राह्मणाला त्याने वाचवले होते. उपकाराची फेड म्हणून ब्राह्मणाने वेताळ वश करण्याचा मंत्र दिला आणि मंत्राची महती पटावी म्हणून त्रिविक्रमसेन राजाची हकीकत सांगितली. हीच आपली पंचविशी, विक्रमकेसरीने राजपुत्राला ऐकवलेली, तरंग ७५ ते ९९. तो राजा उज्जयिनीचा नव्हे, गोदातीरावरच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा! पुढे एका झाडावर फळांसाठी चढलेले मित्र स्वतःच फळे होऊन लोंबकळतात. राजपुत्राने गणपतीची स्तुती केल्यावर पुन्हा माणसांत येतात.

पैठणचा धागा इथे संपत नाही. सोमदेव स्वतःच सांगतो की ही सारी कथा गुणाढ्याच्या ‘बृहत्कथे’तली. गुणाढ्य पैठणच्या सातवाहनाचा मंत्री. कथा त्याने विंध्यात काणभूती नावाच्या पिशाचाकडून ऐकली, पैशाची भाषेत, स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती नाकारली तेव्हा पशुपक्ष्यांना वाचून दाखवत सात लाखांतले सहा लाख श्लोक त्याने जाळले. ही दंतकथा आहे, मूळ ‘बृहत्कथा’ हाती नाहीच. नेपाळात सापडलेला बुधस्वामीचा ‘बृहत्कथाश्लोकसंग्रह’ आणि संघदासगणीची जैन महाराष्ट्रीतली ‘वसुदेवहिंडी’ यांत कोणी एक राजपुत्र आहे, त्याची भ्रमंती आहे, पंचविशी नाही. ती बृहत्कथेच्या काश्मिरी परंपरेत नंतर शिरली असावी, हे अभ्यासकांचे मत मला पटते. त्या परंपरेला गुणाढ्याच्या गावचा राजा मात्र सोडवला नाही.

मला यात विशेष वाटते ते हे, की हे तरुण भुताखेतांना मारत सुटत नाहीत. त्यांच्याशी बोलतात, सौदा करतात, शब्द पाळतात. कोकण-गोव्याच्या माणसाला हे नवल वाटणार नाही. तिथे वेताळ गावाचा राखणदार. रात्री फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून त्याला चामड्याच्या नव्या वहाणा वाहतात.

मृगांकदत्ताची माणसांशी वागण्याची रीतही हीच. शशांकवतीसाठी तो उज्जयिनीवर निघतो, तेव्हा राजवंशांतले कोणी नव्हे, रानातले तीन राजे आपले सैन्य घेऊन त्याच्या बाजूला उभे राहतात: किरातांचा शक्तिरक्षित, पुलिंदांचा मायाबटू आणि मातंगांचा राजा. या तिसऱ्याचे नाव दुर्गपिशाच.