शेवटच्या गड्याच्या चालीनं

मे महिन्यात डोंगरात जायचं म्हटलं की ‘उन्हातान्हाचं कशाला?’ हा प्रश्न आळ्यातलं निम्मं गाव विचारतं. त्यावर आमचं उत्तर एकच, रात्र असतानाच निघणं. आळेफाट्यावरून कल्याणचा रस्ता धरायचा. ओतूर, पिंपळगाव जोग्याच्या धरणाचं मागे सरकलेलं पाणी, मग माळशेज. गाडी घाट उतरून वैशाखऱ्याच्या अलीकडे सोडते आणि जो सह्याद्री नुकताच उतरलो तोच आम्ही नाणेघाटानं पायी चढतो. शहाण्या माणसाला हा उद्योग समजावता येत नाही.

या बाजूनं चढण्यात मात्र एक सोय आहे. उतार पश्चिमेकडे तोंड करून असल्यानं सूर्य माथ्याआडून वर येईपर्यंत वाट डोंगराच्याच सावलीत असते. तेवढ्या वेळात जमेल तितकं चढून घ्यायचं.

त्याआधी पाण्याची तपासणी. माणशी चार लिटर, आणि बाटल्या हातात घेऊन बघायच्या, ‘आहे की!’ म्हणणाऱ्याची बाटली बहुधा अर्धी निघते. मग मोजणी, मग रांग. खरी मेख रांगेत आहे. तरणी पोरं पुढे सोडली की ती सुटतात, पहिल्या झाडाखाली टेकतात आणि मागचा धापा टाकत पोचला रे पोचला की ‘चला’ म्हणून उठतात. ज्याला विसाव्याची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच तो मिळत नाही. उन्हाळ्यात माणूस कोसळतो तो असा. म्हणून सगळ्यात हळू चालणारा वाटाड्याच्या लगेच मागे, आणि शेपटाला शिट्टीवाला. त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. पोरांना यात कमीपणा वाटतो. वाटू दे.

खालच्या रानात करवंदाच्या जाळ्या लागतात. चिकानं ओठ चिकटतात, तहान वाढते, तरी हात थांबत नाहीत. कोकणातली हवा दमट, घाम वाळतच नाही. सदरा पाठीला चिकटलेला. पुढे झिजलेल्या दगडी पायऱ्या. तहान लागायची वाट न बघता प्रत्येक थांब्यावर दोन-दोन घोट, असा नियम.

माथ्याच्या थोडं खाली सातवाहनांचं लेणं येतं. सातकर्णीची राणी नागणिका हिचा ब्राह्मीतला प्राकृत लेख भिंतींवर आहे. त्यात यज्ञांची नावं आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती यांचे आकडे. समोरच्या भिंतीवरच्या राजपुरुषांच्या मूर्तींची आता फक्त पावलं उरलीत. सगळे तिथे फोटो काढतात. मी शेजारची खोदीव टाकी बघतो. कल्याण-सोपाऱ्याहून जुन्नरला माल यायचा तो पावसाळा सोडून, म्हणजे कोरड्या दिवसांतच. व्यापाऱ्यांचे बैल इथे तहानलेलेच पोचत असणार. टाकी खोदणाऱ्यानं माणशी किती लिटर हा हिशेब आमच्या दोन हजार वर्षं आधी मांडला होता. वरचा तो प्रसिद्ध दगडी रांजण जकातीच्या नाण्यांचा म्हणतात. मे महिन्यात त्यात नाण्यांपेक्षा पाणी असतं तर बरं, असं प्रत्येक घोळक्यात कुणीतरी म्हणतंच.

खिंडीतून बाहेर पडलं की घामेजलेल्या अंगावर वारा येतो आणि पठार सुरू होतं. डावीकडे नानाचा अंगठा, उजवीकडे जीवधन आणि त्याला खेटून वानरलिंगीचा सुळका. सगळीकडे वाळलेलं, पिवळं गवत. दिसायला मऊ, पण उतारावर बूट सरकतात आणि कुसळं मोज्यांतून थेट कातडीत शिरतात. दिवसातलं सगळ्यात कंटाळवाणं काम म्हणजे ती उपसत बसणं. कड्याच्या टोकाला रांग मोडते, म्हणून तिथे पुन्हा मोजणी.

भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा. मग टपरीवर लिंबू सरबत. ‘मावशी, पाणी कुठून आणता?’ विचारलं तर त्या हातानंच लांब दाखवतात. त्यामुळे हात धुवायला त्यांचं पाणी मागायचं नाही, हाही नियम.

गाडी तोवर यायची असते. तिला परत माळशेज चढून, जुन्नर गाठून, घाटघरवरून इथे यावं लागतं. चालक पोचतो तेव्हा वैतागलेला असतो. नुसती खिंड चढायची सोडून हा एवढा वळसा कुणी काढला, असं तो विचारतो.