जुन्या मोटारसायकलीस विजेची मोटर

पुष्कळ घरांच्या मागील पडवींत एखादी जुनी मोटारसायकल पोत्यांखालीं झांकून ठेविलेली आढळते. वडिलांनीं तिच्यावर बसून वीस-पंचवीस वर्षें नोकरी केली, मुलांस शाळेंत पोंचविलें, प्रसंगीं आजारी माणसास दवाखान्यांत नेलें. आतां तिचें इंजिन थकलें, सुटे भाग मिळेनातसे झाले. आणि भंगारवाल्यास द्यावी तर मन धजत नाहीं. अशा गाडीचें पेट्रोलचें इंजिन काढून त्याच्या जागीं विजेची मोटर बसवितां येईल काय, असें आमचे विद्यार्थी आम्हांस वरचेवर विचारतात. बसवितां येईल, हें उत्तर सोपें आहे. परंतु त्याच्या पोटांत गणित किती, धोका किती व कायदा किती, हें समजल्यावांचून कोणीं हातीं पाना घेऊं नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

विजेची गाडी ही कांहीं नवी कल्पना नव्हे. १८८१ सालीं गुस्ताव्ह त्रूव्हे यानें पॅरिस शहरांत विजेची तीनचाकी गाडी चालवून दाखविली. आणि १८९९ सालीं ताशीं १०० किलोमीटरांची मर्यादा ज्या मोटारीनें सर्वांच्या आधीं ओलांडली, तीही विजेचीच होती. मग पुढें पेट्रोलची सरशी कां झाली? मोटर कमी पडली म्हणून नव्हे. विजेचा सांठा बरोबर घेऊन फिरणें जड झालें म्हणून.

हें जडपण अंकांत पाहूं. एका लिटर पेट्रोलचें वजन सुमारें पाऊण किलो. त्यांत ऊर्जा मात्र सुमारें ९ युनिट असते. युनिट म्हणजे तेंच, जें आपल्या घरच्या वीजबिलावर छापून येतें. लहान इंजिन या नवांपैकीं फार तर चौथा हिस्सा चाकास देतें. उरलेली ऊर्जा उष्णता होऊन वाऱ्यावर जाते. सायलेन्सरचा चटका ज्याच्या पोटरीस एकदां बसला आहे, त्यास हें निराळें सांगणें नको. विजेची मोटर आपणांस मिळालेल्या ऊर्जेपैकीं शेंकडा ८० किंवा त्याहूनही अधिक कामीं लावते. म्हणून अडीच ते तीन युनिटांची बॅटरी एका लिटर पेट्रोलचें काम करूं शकते. एवढा सांठा शिसें व आम्ल यांच्या जुन्या पद्धतीच्या बॅटरींत करावयाचा, तर तिचें वजन ७० किलोंच्या वर जातें. लिथियम-लोह-फॉस्फेटच्या बॅटरींत तें सुमारें २५ किलोंवर येतें. घरची मोटारसायकल विजेवर आणण्याची गोष्ट आज शक्य कोटींतील झाली, ती मुख्यतः या फरकामुळें.

आतां कृति पाहूं. प्रथम इंजिन, पेट्रोलची टाकी, कार्ब्युरेटर व सायलेन्सर हीं काढावयाचीं. उरलेला सांगाडा घासून, कोठें चीर किंवा गंज आहे काय हें बारकाईनें पाहावयाचें. मोटर बसविण्याच्या रीती दोन. एक, मागील चाकाच्या तुंब्यांतच असलेली मोटर; हींत साखळी लागत नाहीं व जोडणी सोपी पडते. दुसरी, इंजिनाच्या जागीं मोटर बसवून साखळीनें चाक फिरविणें. मोटर मिनिटास ३,००० फेरे घेत असेल आणि ताशीं ६० किलोमीटर वेगास चाकाचे सुमारें ५२५ फेरे होत असतील, तर मागील स्प्रॉकेटचे दांते पुढीलाच्या पावणेसहा पट असावे लागतात. मोटरीस किती वीज द्यावयाची, हें ठरविणारा कंट्रोलर हा तिसरा भाग. मूठ पिळली कीं तिचा इशारा याजकडे जातो. दिव्यांकरितां व हॉर्नकरितां १२ व्होल्टांचा निराळा पुरवठा लागतो.

बॅटरीचा हिशेब कोणत्याही आठवीच्या मुलास करतां यावा. ३.२ व्होल्टांच्या १६ पेशी एकापुढें एक जोडल्या, कीं ५१.२ व्होल्ट झाले. प्रत्येक पेशी ५० अँपिअर-तासांची असेल, तर ५१.२ गुणिले ५०, म्हणजे २,५६० वॅट-तास, अर्थात् अडीच युनिट. बॅटरी कधींही पार रिकामी करूं नये. सबब कामाचे दोन युनिट धरूं. मध्यम वेगानें जातांना दर किलोमीटरास ३० वॅट-तास खर्च झाले, तर गाडी सुमारें ६५ किलोमीटर धांवेल.

पन्हाळ्याचें उदाहरण घ्या. कोल्हापुराहून अंतर सुमारें २० किलोमीटर. त्यास ६०० वॅट-तास. गाडी व स्वार मिळून वजन २०० किलो व एकंदर चढ ४०० मीटर धरला, तर चढाकरितां आणखी पाव युनिट. म्हणजे गडावर पोंचेपर्यंत एक युनिटही पुरें खर्च होत नाहीं, आणि येतांना तर उतारच आहे. पुण्याची वाट मात्र या गाडीनें एका दमांत धरूं नये. रोजचें कामावर जाणें-येणें हाच तिचा खरा उपयोग. पालकांनीं आपल्या बिलावरील दरानें युनिटांस गुणावें व पेट्रोलच्या खर्चाशीं ताडून पाहावें. जिचा रोज उपयोग आहे, त्या गाडीवरच केलेला खर्च भरून येण्याची आशा असते.

धोक्याविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. ३,००० वॅटांच्या मोटरीस ५० व्होल्टांवर ६० अँपिअर वीज लागते. दोन टोकांवर चुकून पाना पडला, तर ठिणगी उडून लोखंड वितळतें. म्हणून काम करतांना आंगठी, कडें व घड्याळ काढून ठेवावें, पान्यांच्या मुठींस रबर असावें, आणि बॅटरीच्या अगदीं लगत फ्यूज असावा. प्रत्येक पेशीवर नजर ठेवणारें बी. एम. एस. नांवाचें रक्षक-यंत्र कधींही वगळूं नये. जुन्या पेशी भंगारांतून उचलून जोडूं नयेत. रात्रीं सर्व निजलीं असतां निजावयाच्या खोलींत बॅटरी भरूं नये. आमच्या इकडील पावसाळा ध्यानीं धरून सर्व सांधे पाण्यापासून जपावे. आणि ब्रेक सर्वांच्या आधीं दुरुस्त करावे, कारण इंजिनाची ओढ गेल्यावर थांबविण्याचा सारा भार त्यांवरच येतो.

राहिला कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदलेल्या गाडींत मालकास मनास येईल तसा फेरफार करतां येत नाहीं. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या मान्य संस्थेनें तपासलेला संच बसवावा लागतो, व आर. टी. ओ. च्या दप्तरीं इंधनाची नोंद बदलून घ्यावी लागते. विमा कंपनीसही तें कळवावें लागतें. ठाण्याच्या गोगोए-वन कंपनीनें २०२१ सालीं हिरो स्प्लेंडर या गाडीकरितां असा मान्यताप्राप्त संच बाजारांत आणला. त्या वेळीं त्याची किंमत बॅटरी वगळतां सुमारें ३५,००० रुपये होती. घरीं जुळविलेली गाडी अशा मंजुरीवांचून रस्त्यावर आणणें गुन्हा आहे, आणि अपघात झाल्यास त्याचें ओझें साऱ्या कुटुंबावर पडतें.

मग मुलांनीं काय करावें? पुष्कळ कांहीं. सांगाडा मोकळा करणें, मापें घेणें, नकाशा काढणें, युनिटांचा व दांत्यांचा हिशेब मांडणें, हें सर्व वडिलांच्या व जाणत्या मिस्त्रीच्या देखरेखीखालीं करतां येतें. विजेची जोडणी मात्र जाणत्याच्याच हातून व्हावी. आमच्या या करवीर नगरींत बाबूराव पेंटर यांनीं परदेशी यंत्राचा बारकाईनें अभ्यास करून १९१८ सालीं चलच्चित्रांचा कॅमेरा स्वतः घडविला. त्यांच्यापाशीं मोठा कारखाना नव्हता. पाहण्याची दृष्टि व चिकाटी मात्र होती. पडवींतील त्या जुन्या गाडीवरील पोतें आपण अवश्य दूर करावें. परंतु पाना हातीं घेण्यापूर्वीं कागद व पेन्सिल घ्यावी. ज्याचा हिशेब कागदावर जुळला, त्याचीच गाडी पुढें नीट चालेल.