वाळूखालचा थर

पाकिस्तानच्या सीमेला लागून असलेल्या जैसलमेर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी २०० मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो आणि भूजल बहुतेक ठिकाणी खोल व खारट असते. तरीही तेथे गावे टिकून राहिली, याचे बरेचसे श्रेय वाळूखालील एका थराला द्यावे लागते. काही पट्ट्यांत जिप्समचा किंवा मुलतानी मातीसारख्या चिकण मातीचा हा थर मुरलेले पावसाचे पाणी खाऱ्या भूजलात मिसळू देत नाही. वाळूत ओलाव्याच्या रूपाने अडकलेल्या या पाण्याला तेथे ‘रेजाणी पाणी’ म्हणतात आणि ते मिळवण्यासाठी खणलेल्या अरुंद विहिरीला ‘कुंई’. ती इतकी अरुंद असते, की खणणारा एकटाच तळाशी बसून आखूड दांड्याच्या हत्याराने खणतो, आणि आतला उकाडा कमी व्हावा म्हणून वरची माणसे मूठ मूठ वाळू जोराने खाली फेकत राहतात, कारण तिच्याबरोबर ताजी हवा तळापर्यंत पोचते. एवढ्या कष्टानंतर दिवसाला दोन-तीन घागरी पाणी झिरपते. कुंई एकेका कुटुंबाची असली तरी जमीन गावाची असते. नवी कुंई जुन्या कुंयांच्याच ओलाव्यात वाटेकरी होत असल्याने गावाच्या संमतीवाचून ती खणता येत नसे.

शेतीसाठी पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकापासून ‘खडीन’ बांधले. खडकाळ उतारावरून वाहत येणारे पाणी मातीच्या लांब बांधाने अडवायचे आणि ते ओसरल्यावर उरलेल्या ओलीवर गहू-हरभरा पेरायचा, अशी ही रीत.

पंजाबातील हरिके येथून निघणाऱ्या आणि आज इंदिरा गांधींचे नाव असलेल्या कालव्याचे काम १९५८ मध्ये सुरू झाले व १९८७ मध्ये पाणी जैसलमेर जिल्ह्यातील मोहनगडपर्यंत पोचले. त्याने शहरांची तहान भागवली, उजाड वाळूत पिके उभी केली, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र कालव्याच्या लाभक्षेत्रातही अनेक ठिकाणी असेच अभेद्य थर आहेत, आणि घागरीने मोजावे एवढ्या पाण्याला जे राखून ठेवतात, तेच पाटाने सोडलेल्या पाण्याचा निचरा अडवतात. मग पाणी वर चढते, क्षार पृष्ठभागावर येतात आणि शेत पाणथळ होऊन नापीक बनते. या रोगाला तिकडे ‘सेम’ म्हणतात. थरांची माहिती कुंई खणणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या होती, तेव्हा निचऱ्याची तरतूद सिंचनाच्या आधी व्हायला हवी होती.